प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसला म्हणजे कार्ड गेलं, हे खरं नाही

आपल्या कोल्हापुरातल्या झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘प्रिंटर ऑफलाइन दाखवला की कार्ड (प्रिंटरमधला इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेलं समजा. प्रिंट अडकली तर ड्रायव्हर काढून परत टाका. शेअरिंगला एरर आला तर विंडोज अपडेट कायमचे बंद करा. तरीही नाही चाललं तर फायरवॉल बंद.’ मी दुरुस्तीचंच काम करतो. या सल्ल्यापायी लोकांचे पैसे जाताना बघवत नाही, म्हणून लिहितोय.

आधी ऑफलाइनचं. गेल्या पावसाळ्यात भवानी मंडपाजवळच्या एका दुकानातून काकांचा फोन आला, “कार्ड गेलंय म्हणत्यात, नवा घेऊ काय?” जाऊन प्रिंटरवरूनच कॉन्फिगरेशनचं पान काढलं. पान सरळ आलं, म्हणजे मशीन ठणठणीत. पानावर प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, होता १९२.१६८.१.१२. कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघडलं, तिथं १९२.१६८.१.७. रात्री लाईट गेली होती. राउटर परत सुरू झाला आणि त्यानं प्रिंटरला नवा पत्ता दिला. कॉम्प्युटर मात्र जुन्याच पत्त्यावर प्रिंट धाडत होता. आकडा बदलला, प्रिंट आली. परत तेच होऊ नये म्हणून राउटरमध्ये त्या प्रिंटरच्या नावानं पत्ता राखून ठेवला. खर्च शून्य.

कधी पत्ताही बरोबर असतो. तेव्हा प्रिंटच्या रांगेच्या (प्रिंट क्यू) खिडकीत ‘यूज प्रिंटर ऑफलाइन’वर टिक पडलीय का बघा. पोर्टच्या सेटिंगमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस’ (नेटवर्कवरून प्रिंटरची हालहवाल विचारणारी सोय) सुरू असेल आणि त्या चौकशीला प्रिंटरकडून उत्तर आलं नाही, तरी विंडोज चांगल्या प्रिंटरला ऑफलाइन ठरवतं. ही एसएनएमपीची टिक काढून बघा.

अडकलेल्या प्रिंटसाठी ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) काढायची गरज बहुतेकदा नसतेच. अडकलेली असते ती फाईल. विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ (प्रिंटची रांग सांभाळणारा प्रोग्राम) थांबवा, सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टिम ३२, स्पूल, प्रिंटर्स या फोल्डरमधल्या फाईली पुसा, स्पूलर सुरू करा. फोल्डर पुसू नका, फक्त आतल्या फाईली. रांगेतली बाकीची कामंही जातील, ती परत पाठवा.

अपडेट बंद करण्याचा सल्ला सगळ्यात घातक. २०२१ च्या जुलैत याच स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची मोठी फट उघड झाली. तिच्यातून बाहेरच्या माणसाला कॉम्प्युटरचा पूर्ण ताबा घेता येत होता, आणि ती बुजवली अपडेटनंच. त्याच सप्टेंबरच्या अपडेटनंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर शेवटी ‘११बी’ असलेला एरर येऊ लागला, हे खरं आहे. लोकांचा वैताग मी समजू शकतो. पण त्यावर उपाय म्हणजे प्रिंटर जोडलेल्या आणि प्रिंट देणाऱ्या, दोन्ही मशीनवर सगळे अपडेट टाकणं. प्रिंटरला लॅनची (थेट नेटवर्कला जोडायची) सोय असेल तर शेअरिंगच्या भानगडीत पडूच नका, प्रत्येक कॉम्प्युटरवर थेट त्याच्या पत्त्यानं जोडा.

राहिली फायरवॉल, म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरमध्ये कोण शिरतंय ते अडवणारी भिंत. दुसरा कॉम्प्युटर दिसत नसेल तर दुकानाचं नेटवर्क ‘पब्लिक’वर आहे का बघा. ते ‘प्रायव्हेट’ करा आणि फाईल व प्रिंटर शेअरिंग सुरू करा. गिऱ्हाइकांची आधार कार्डं, सातबारे त्याच मशीनवर पडलेले असतात. फायरवॉलला हात लावू नका.