कोजागिरी, दहा वाजेपर्यंत

परवाच्या कोजागिरीला मी एका बुजुर्ग गवयासमोर पुठ्ठा धरून उभा होतो. पुठ्ठ्यावर लाल स्केचपेननं लिहिलं होतं, '१० मिनिटे'. बुवा बागेश्री रागाच्या विलंबितात होते, डोळे मिटलेले, हात हवेत. अशा माणसासमोर पुठ्ठा धरताना मला रेल्वे फाटकावरच्या झेंडेवाल्यासारखं वाटत होतं, फक्त तो झेंडा दाखवला की गाडी थांबते.

आमचं संगीत मंडळ चाळीस सभासदांचं. कोजागिरीची बैठक दरवर्षी आमच्याच सोसायटीच्या मोकळ्या आवारात. पोलीस परवानगीच्या कागदावर अकरा अटी होत्या, त्यातल्या दहा कुणी वाचल्या नाहीत. अकरावी अशी की रात्री दहाला आवाज बंद. ते पाळायची जबाबदारी माझ्यावर, कारण समितीच्या सभेला मी उशिरा पोचलो. उशिरा येणाऱ्याला वेळेचं काम द्यायचं हा आमच्या अध्यक्षांचा विनोद.

आता, कोजागिरीचा मुद्दाच मुळी जागण्याचा. मध्यरात्री लक्ष्मी 'को जागर्ति?' असं विचारत फिरते म्हणतात. दहाला सगळं आटोपून घरी गेलेल्यांना ती काय विचारणार? शिवाय पौर्णिमेचा चंद्र संध्याकाळी उगवतो आणि माथ्यावर येतो तो बाराच्या सुमाराला. दहा वाजता आमचा चंद्र बी विंगच्या पाण्याच्या टाकीमागेच अडकलेला होता. दुधात चंद्र बघायचा म्हणून पातेलं उघडं ठेवलं होतं, त्यात हॅलोजन दिसत होता.

पहिली चिठ्ठी मी साडेनऊला पाठवली. ती पेटीवाल्यानं घेतली, वाचली आणि तिनं वारा घेतला. दुसरी तबलजीनं हातोडीखाली ठेवली. म्हणून पुठ्ठा. आणि पुठ्ठा वर केला तेवढ्यात माझ्या दंडाला कुणीतरी बोट लावलं.

पहिल्या मजल्यावरचे काका. बँकेतून निवृत्त झालेले. काकू आमच्या मंडळाच्या सभासद आणि त्या क्षणी पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून बसलेल्या. काका गाण्याला आले नव्हते. ते मोजायला आले होते. एका हातात मसाला दुधाचा पेला (आमच्याच पातेल्यातला, दुसरा), दुसऱ्या हातात मोबाईल, आणि मोबाईलवर हिरव्या-पिवळ्या-लाल पट्टीचा एक काटा थरथरत होता.

"एकाहत्तर डेसिबल," काका म्हणाले. "निवासी भागात दिवसा ५५. दहानंतर ४५. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत."

"काका, अजून दहा वाजायचेत."

"दिवसाचंच सांगतोय. तुम्ही दिवसासुद्धा चुकताय."

मी म्हटलं, "तुम्ही स्पीकरपासून चार फुटांवर उभे आहात. आवाज मोजायचा तर आवाराच्या हद्दीवर मोजतात." हे मला माहीत होतं, कारण परवानगीसाठी तीन खेपा घालताना मी तेवढं वाचलं होतं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त चालतात किंवा ७५, दोन्हींपैकी जे कमी असेल ते. म्हणजे आम्हाला ६५. हे मी काकांना सांगितलं. सांगताना थोडा अभिमानही वाटला.

काकांनी हद्द कुठे आहे ते विचारलं. मी कुंपणाकडे बोट दाखवलं. काका कुंपणापाशी गेले, पेला भिंतीवर ठेवला, मोबाईल हवेत धरला आणि तिथून ओरडले, "एकोणऐंशी!"

"तुम्ही ओरडलात म्हणून!"

पहिल्या रांगेतून तिघांनी मागे वळून 'शूऽऽ' केलं. काकांनी तेही मोजलं.

परत येऊन त्यांनी हिशेब मांडला. "हे बघा. गाणाऱ्याचे धरा ५०. तबल्याचे ५०. पेटीचे ५०. झाले दीडशे. दीडशे म्हणजे विमानाच्या वर. इथे ज्येष्ठ नागरिक राहतात."

आयुष्यभर बँकेत बेरजा केलेल्या माणसाला डेसिबलची बेरीज समजावून सांगायला जाऊ नये. मी गेलो. म्हटलं, "काका, हे लॉगॅरिदमचं असतं. ५० आणि ५० मिळून १०० होत नाहीत, ५३ होतात."

काका माझ्याकडे असे बघत राहिले, की यांच्याकडे तर मंडळाची तिजोरी नाही ना.

"पन्नास आणि पन्नास त्रेपन्न."

"हो."

"आणि बाकीचे सत्तेचाळीस कुठे गेले?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. नववीत लॉगची कोष्टकं दिली तेव्हा सरांनाही देता आलं नव्हतं. मी हवेत बोटं फिरवून सांगायचा प्रयत्न केला, की एकसारखे दहा तबले एकदम वाजले तर १० डेसिबल वाढतात, शंभर वाजले तर २०. काका म्हणाले, "शंभर तबले आणणार आहात?" आणि त्यांनी खिशातून छोटी डायरी काढून काहीतरी टिपून घेतलं.

इथे एक कबूल करून टाकतो. काका चुकीचे नव्हते. ऑगस्टमध्ये आमच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर ढोल पथकाचा सराव सुरू होता, रोज संध्याकाळी तीन तास, साठ ढोल आणि वीस ताशे. तेव्हा तक्रारीचा अर्ज मीच लिहिला होता. काकांनी फक्त त्यात '४५' आणि '५५' हे आकडे घातले. त्याच अर्जाच्या पाठकोऱ्या प्रती अजून मंडळात पडून आहेत, आणि परवाच्या चिठ्ठ्या मी त्यांवरच लिहिल्या होत्या. बुवांच्या पेटीवाल्यानं वारा घेतला तो माझ्याच सहीनं.

नियमाला माझी हरकत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक नको, हे कुणाही झोपणाऱ्या माणसाला पटेल. सर्वोच्च न्यायालयानंही २००५ मध्ये ते ठणकावून सांगितलं. वर्षातले पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस गणपतीत आणि नवरात्रात बरेचसे संपतात. आम्हा चाळीस माणसांच्या बागेश्रीसाठी सोळावा दिवस कोण काढणार?

हरकत आहे ती घड्याळाला. आपल्या गाण्याची घड्याळं वेगळी आहेत. मालकंस, दरबारी, अडाणा हे रात्र चढल्यावरचे राग, ललित पहाटेचा. दहाला गाणं संपवायचं म्हणजे या सगळ्यांना एकतर हॉलमध्ये कोंडायचं किंवा सात वाजता गायचं. सात वाजता मालकंस म्हणजे भर दुपारी फटाके. नव्वदच्या दशकात, मी कॉलेजात असताना, पुण्यातल्या रमणबागेच्या मैदानावर सवाई गंधर्व महोत्सवाला रात्रभर बसलोय. १९५३ साली भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव. डिसेंबरची थंडी, घोंगडी, थर्मास, शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर डोकं टेकून लागलेली डुलकी. ती माणसं रात्रभर जागून सकाळी कशी कामावर जायची, हे मला अजून कळलेलं नाही. आणि त्या मैदानाच्या आसपास जी माणसं झोपायचा प्रयत्न करत असतील, त्यांचा विचार मी तेव्हा एकदाही केला नव्हता. आता करतो. वय झालं की माणूस दोन्ही बाजूंनी जागा राहतो.

असो. दहाला पाच कमी असताना मी पुठ्ठा उलटा केला. मागच्या बाजूला 'भैरवी?' लिहिलं होतं. बुवांनी डोळे उघडले, पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि माइकमधूनच म्हणाले, "चंद्र कुठे आहे तुमचा?" सगळ्यांनी टाकीकडे पाहिलं. बुवा म्हणाले, "तो येऊ दे की," आणि मध्य लयीतली बंदिश सुरू केली.

दहाला माइकवाल्या पोरानं मिक्सरवरचं बटण खाली ओढलं. त्याच्या मालकाचं सामान मागच्या वर्षी जप्त झालं होतं, तो एक सेकंद थांबायला तयार नव्हता. आवाज एकदम लहान झाला. पण गाणं चाललेलं होतं! माइकशिवायचा गळा, खरा तबला, खरी पेटी. माणसं न सांगता सतरंजीवर पुढे सरकली. मला वाटलं, सुटलो. उलट ही खरी मैफल.

"वाद्यसुद्धा नाही," काका म्हणाले.

"काय?"

"नियमात आहे. रात्री उघड्यावर ध्वनिक्षेपकही नाही आणि वाद्यही नाही. फक्त बंदिस्त जागेत." त्यांनी मोबाईलवर नियम उघडून दाखवला. होता. खरंच होता. कलम आणि पोटकलमासकट होता.

मी वाकून पेटीवाल्याच्या कानात सांगितलं. पेटी बंद झाली. तबलजीनं एक तिहाई घेऊन हात काढला, रागानं. उरला बुवांचा गळा आणि मागे चालू असलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा.

"तो डबा?" काका म्हणाले.

डबा बंद केला.

आता फक्त बुवा. काका अस्वस्थ झाले. त्यांनी नियम पुन्हा वर-खाली केला. "यात 'ध्वनी निर्माण करणारं साधन' असंही आहे," ते म्हणाले. "गळा साधन आहे का?"

हा प्रश्न त्यांनी मला मनापासून विचारला. भांडायचा सूर नव्हता. बँकेत सही जुळत नसली की विचारतात तसा विचारला. मी म्हटलं, "काका, गळा हे साधन असेल तर तुम्ही केव्हाचे बेकायदा आहात."

"मी गात नाही."

"मोजा."

त्यांनी मोबाईल तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "मी गात नाही." काटा चौऱ्याहत्तरवर गेला. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात हवालदार आले. कुणी बोलावलं ते विचारू नका, मी काकांकडे पाहिलं तर ते दुधाच्या तळाशी बदाम शोधत होते. हवालदार दमलेले होते. काकांनी त्यांनाही गळ्याचा प्रश्न घातला. हवालदारांनी बुवांकडे पाहिलं, एकट्या गळ्यानं डोळे मिटून गाणाऱ्या म्हाताऱ्याकडे, आणि म्हणाले, "तोंडानं काय म्हणायचं ते म्हणू द्या हो त्यांना. पण लवकर आटपा."

आणि त्याच वेळी चौकातला डीजे सुरू झाला. सुरू झाला म्हणजे, सुरूच होता, आमची पेटी बंद झाल्यावर ऐकू आला. भावी नगरसेवकांच्या वतीनं 'भव्य मोफत दुग्धवाटप'. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. पायातल्या चपलेतून ठोके येत होते. बुवा अंतऱ्यात होते, एक स्वर घेतला आणि तो स्वर चौकातल्या ठेक्यात अक्षरशः बुडाला. त्यांनी डोळे उघडले. दुसऱ्यांदा घेतला. मग हात जोडले.

काकांच्या मोबाईलचा काटा आमच्या कुंपणापाशीच लाल पट्टीत पडून राहिला होता. मी म्हटलं, "चला काका. हा मोबाईल घेऊन आपण दोघं चौकात जाऊ. हवालदारसाहेब, तुम्हीपण चला."

हवालदार म्हणाले, "तिकडं दुसरा बंदोबस्त आहे."

काका म्हणाले, "तिथे सांगून कोण ऐकणार? तुम्ही ऐकता."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं. मला वाटतं कौतुकानंच. मी पुठ्ठा घेऊन उभा होतो आणि मला एकदम तो पुठ्ठा कुणाच्या तरी डोक्यात घालावासा वाटला. कुणाच्या ते ठरेना. काकांच्या म्हणावं तर ते नियम बोलत होते. हवालदारांच्या म्हणावं तर ते बारा तास उभे होते. चौकात जायची माझी हिंमत नव्हती, आणि ते मलाही माहीत होतं, काकांनाही.

बुवांना रिक्षात बसवून दिलं. मानधनाचं पाकीट त्यांनी न मोजता खिशात टाकलं आणि म्हणाले, "पुढच्या वेळी पुठ्ठा मोठा आणा. मला चष्म्याशिवाय 'भैरवी' दिसलं नाही." मी खरं मानलं.

डीजे साडेअकराला बंद झाला. बाराला सतरंज्या घडी करताना चंद्र टाकीच्या बाहेर आला. पातेल्यात तळाला चार पेले दूध उरलं होतं, वर जाड साय धरलेली. सायीत चंद्र दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. काका. हातात आमचा पेला, धुऊन पुसून आणलेला.

"ही रात्रभर बोलली नाही माझ्याशी," ते म्हणाले. "भैरवी राहिली म्हणून." मग घसा साफ करून, "मी नियम पुन्हा वाचला. बंदिस्त जागेला सूट आहे. आमचा हॉल बारा बाय चौदा आहे."

"चाळीस माणसं बसणार नाहीत काका."

"पंचवीस बसतील. खिडक्या लावायच्या. मी काल रात्री सगळं मोजून बघितलंय." डायरी उघडली, पान शोधलं. "पंखा मात्र बंद ठेवावा लागेल. एकटाच अठ्ठावन्न दाखवतो."