बोलण्याचा वेग

गेल्या रविवारी मी एक किलोमीटर १ मिनिट ३१ सेकंदांत पार केला. माहितीसाठी सांगते, १९९६ साली रशियाच्या स्वेतलाना मास्तेरकोवाला हजार मीटरला २ मिनिटं २८.९८ सेकंद लागले, तर तो जागतिक विक्रम ठरला. मी बेचाळीस वर्षांची, बँकेत कॅशला बसणारी, दोन पोरांची आई. त्याआधीचे दहा किलोमीटर मी प्रत्येकी आठ मिनिटांनी रेटले होते. हे सगळं घड्याळाने इमानदारीने मोबाइलला कळवलं, मोबाइलने आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपला कळवलं. मग ग्रुपवरच्या सरांनी (डीपीत चेहरा कमी, मेडलं जास्त) सगळ्यांदेखत विचारलं, "मॅडम, अकरावा किलोमीटर गाडीवर का?" आणि पुढे तो डोळ्यांतून पाणी काढून हसणारा पिवळा गोळा.

हो, गाडीवर. एम-ऐंशीवर. दुधाच्या दोन कॅनांच्या मधे. पण का, ते मी त्या ग्रुपवर मेले तरी लिहिणार नाही. इथे लिहिते.

जानेवारीत मुंबईची अर्धी मॅरेथॉन आहे. २१ किलोमीटर आणि वर ९७ मीटर. ते वरचे ९७ मीटर भाजीवर फुकट मिळणाऱ्या कोथिंबिरीसारखे वाटतात, पण तिथेच जीव जातो म्हणे. मधल्या वारी पहाटे पाच ते सहा, म्हणजे डब्यांच्या आधी, आणि रविवारी लांब पल्ला. सरावाच्या तक्त्यात लिहिलंय की लांब पल्ला हळू धावायचा, इतका हळू की धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. याला बोलण्याचा वेग म्हणतात. बोलायचं कोणाशी, ते तक्त्यात नाही.

तर देवपूरहून गोंदूरच्या रस्त्याला आठ किलोमीटर जायचं आणि तसंच परत यायचं. डिसेंबरातली धुळ्याची थंडी. इथला पारा कधी कधी पाच-सहा अंशांवर उतरतो आणि मेमध्ये त्याचा सूद घेतो. त्यामुळे माझ्या तोंडाला मफलर, अंगात नवऱ्याचं जुनं जर्किन, हातात काही नाही. परतीला लागले, नुकतं फटफटत होतं आणि मागून फट् फट् आवाज आला. पांढरी टोपी, कानाला मफलर, दोन्हीकडे कॅन. सत्तरीचे असतील. गाडी माझ्या बरोबरीने आली.

"काय व्हयनं माय?"

"काही नाही, आबा."

"काही नही तं पयी काब्र राहिनी?" मग पळतेस कशाला, असं आबा अहिराणीत विचारत होते.

"व्यायाम."

ताशी साडेसात किलोमीटरला एम-ऐंशी उभी राहत नाही. ती डुलायला लागते, कॅनमधलं दूध डुचमळतं. म्हणून आबांनी एक पद्धत काढली. वीस-पंचवीस पावलं पुढे जायचं, पाय टेकवून थांबायचं आणि मी येईस्तोवर पुढचा प्रश्न तयार ठेवायचा. टोलनाक्यासारखं. मी आले की प्रश्न, उत्तर घेतलं की पुढचा नाका.

"कोनी मांगे लागनं का?" त्यांनी वळून पाहिलं. मागे रस्ता मोकळा. एक कुत्रं होतं, तेही बसलेलं.

"नवरा पेस का?"

"नाही हो. चहासुद्धा बिनसाखरेचा."

"मंग सासू?"

इथे थोडा चढ होता. मला दम लागला होता. उत्तर द्यायला अर्धा क्षण उशीर झाला, इतकंच. आबांनी तो अर्धा क्षण उचलला, मान हलवली आणि म्हणाले, "समजनं."

"आबा, तसं काही नाही. सासूबाई चांगल्या आहेत."

"सगळ्या असंच सांगतस. तुनं माहेर कोनतं?"

"साक्री."

आबा गाडीवरून पडता पडता राहिले. "साक्री? मंग तू उलटी पयी राहिनी माय! साक्री तं मांगे राही गयी!"

आता सांगा, या माणसाला काय म्हणावं? मी घरातून पळाले हे त्याने मान्य केलं होतं, आक्षेप फक्त दिशेला होता.

मी मोठ्या माणसांची नावं पुढे केली. म्हटलं, आबा, आपल्या नाशिकची कविता राऊत ऐकली ना? सावरपाड्याची पोर. २०१० मध्ये दिल्लीला कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला मेडल आणलं तिने. आबांना ती माहीत होती. "तिले मेडल भेटनं. तुले काय भेटी?"

"मलाही मिळेल. शर्यत पूर्ण केली की सगळ्यांनाच मिळतं."

"सगळास्ले?" पुढच्या नाक्यापर्यंत त्यांनी विचार केला. "मंग पयाले काय कामनं? बठी राहा, भेटीच."

"तसं नाही. आधी पैसे भरून नाव नोंदवावं लागतं."

गाडी थांबली. "पैसा भरीसन पयस तू?"

आकडा सांगितला. आबांनी मनातल्या मनात त्याचं दूध केलं. "चाळीस लिटर व्हई," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की सासूने हाकललं ते बरोबरच केलं. आणि मग त्यांनी विचारलं, साध्याच आवाजात, "घरमा काम नही का तुले?"

इथपर्यंत मी हसत होते. यानंतर नाही.

साडेचारला उठून पोळ्यांची कणीक मळलेली होती. मटकी उपसून ठेवलेली होती. आठवीतलीचा विज्ञानाचा प्रकल्प रात्री साडेअकराला मीच चिकटवला होता, कारण तो सोमवारी द्यायचा आहे हे तिला शनिवारी रात्री आठवलं. तिसरीतल्याचा एक मोजा सापडत नव्हता. हे सगळं करून, बोटांना लागलेली कणीक खरवडत मी धावत होते. पण रस्त्यावरच्या बाईला काम दिसत नाही. घरातल्या बाईला तर ते दिसतं असंही नाही, पण ते जाऊ द्या.

याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे राहिले, १९२६ साली इथेच गेले. जुनी दप्तरं धुंडाळत ते गावोगाव पायी हिंडले. एकाही गावाच्या वेशीवर कोणी त्यांना विचारलं नसेल, "काय आप्पा, घरात भांडण झालं का?" आमच्या घरातलाच दाखला देते. चार वर्षांपूर्वी नवरा धावायला लागला होता. एकूण अकरा दिवस धावला. त्या अकरा दिवसांत त्याला भिजवलेले बदाम होते, आंघोळीला गरम पाणी होतं आणि गल्लीतली माणसं "वा भाऊसाहेब!" म्हणत होती. मी दीड वर्ष धावते आहे. माझं कौतुक अजूनही त्यालाच होतं: "भाऊसाहेब, तुमचं मानायला हवं, धावू देता तुम्ही!" आणि तो माणूस, ज्याच्या डोक्यावर मी साडेचारचा गजर वाजवते, हे मान लववून स्वीकारतो.

पूर्वी यापेक्षा वाईट होतं म्हणून समाधान मानायचं. १९२८ साली ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, तर लोक इतके हादरले की पुढे १९६० पर्यंत त्यांना दोनशे मीटरच्या पुढे पळूच दिलं नाही. १९६७ साली बोस्टनच्या मॅरेथॉनमध्ये कॅथरीन स्वित्झर धावत होती, तर एक अधिकारी तिचा नंबर फाडायला अंगावर धावून आला. आबा निदान अंगावर आले नाहीत. दूध सांभाळून पुढे थांबत होते.

आणि मग भरीत आडवं आलं.

शनिवारी रात्री दिरांच्या शेतात भरीत पार्टी होती. वांगी खास जळगावकडून आणलेली, काड्यांच्या जाळावर भाजलेली, बडगीत हिरव्या मिरच्यांसकट ठेचलेली, वर तेल, कांद्याची पात, शेंगदाणे आणि कळण्याच्या पुऱ्या. लांब पल्ल्याच्या आदल्या रात्री साधा वरण-भात खावा, तिखट-तेलकट टाळावं, असं तक्ता सांगतो. तो तक्ता खान्देशात जन्मलेला नाही. भरीत पार्टीत "मी फक्त वरण-भात घेईन" म्हणणाऱ्या सुनेला लोक पाणी विचारत नाहीत. मी खाल्लं, दुसऱ्यांदा घेतलं. ते दहाव्या किलोमीटरपर्यंत शांत होतं. दहावा संपला आणि पोटात मुरडा उठला.

पुरुष धावणाऱ्यांना या गोष्टीतलं काही कळायचं नाही. त्यांना अख्खा जिल्हा मोकळा आहे, बाभूळ दिसली की काम झालं. माझ्या डावीकडे हरभरा, गुडघ्याएवढाही नाही. उजवीकडे वेचून झालेली कपाशी, नुसत्या पऱ्हाट्या, आरपार दिसणाऱ्या. घर सहा किलोमीटरवर. मी थांबले. कमरेत वाकले. आबा पुढच्या नाक्यावर उभे होते.

"आबा," मी म्हटलं, "जवळ कोणाचं घर आहे का? बाथरूमला..."

दोन किलोमीटर मी त्यांना पटवत होते की मला कसलीही मदत नको. त्यांनी तसं काही बोलून दाखवलं नाही, एवढं मात्र खरं. "पयलेच सांगनं व्हतं ना! लाजानं काय त्यामा? बठ मांगे. धरी बठ." भरलेले कॅन घेऊन, धुळ्याची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून त्यांनी गाडी उलटी वळवली आणि आपल्या गावाकडे पिळली. ताशी चाळीस. घड्याळ बंद करायची शुद्ध कुणाला होती?

अंगणात आजी होत्या. "आवं माय, कोननी सून शे हाई?"

आबांनी गाडी लावता लावता तीन शब्दांत माझं चरित्र सांगितलं, "सासूनी हाकली दिधी." खुलासा करायला मला वेळ नव्हता. बाहेर आले तेव्हा ओट्यावर दोन शेजारणी येऊन बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर नातू. आजींनी पितळी कपबशी पुढे केली. "चहा पे, मंग रडजो."

मी चहा प्याले. रडले नाही, तर त्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं. निघताना आजींनी दुधाची लिटरची बाटली हातात दिली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या की सासू आहे, आज ना उद्या जाईल. आबांनी मला देवपूरला थेट दारापर्यंत सोडलं. फाटकात सासूबाई पेपर घेऊन उभ्या होत्या. दुधाच्या कॅनांमधून उतरणारी सून, हातात बाटली, आणि गाडीवरून त्यांच्याकडे रोखून बघणारा एक अनोळखी म्हातारा. "जरा सांभाळी ल्या पोरले," आबा त्यांना म्हणाले आणि निघून गेले.

सासूबाई दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. संध्याकाळी ते दूध तापवलं, तर त्यावर बोटभर साय आली. मग बोलल्या, "याचाच रतीब लाव. आपला तो पाणी घालतो."

ग्रुपवर मी अजून उत्तर दिलेलं नाही. "सिग्नल गेला होता" असं लिहिणार होते, पण सर इंजिनिअर आहेत.

मंगळवारी मी उठले नाही. रात्री बँकेची कामं, पोराला ताप, गजर बंद करून पडले. सहाला खालून फट् फट् आवाज आला. मग माप कॅनवर आपटल्याचा, मग आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा आबांचा आवाज:

"बाई, आज पयनी नही का? मिटनं ना भांडन?"