पिवळं कार्ड

लेक-जावई नैरोबीला असतात. "बाबा, एकदा या ना," असं दोन वर्षं चाललं होतं. शेवटी जुलैची तिकिटं काढली आणि त्याच संध्याकाळी गोव्यातल्या आमच्या फोंड्याच्या घरात आरोग्य खातं सुरू झालं. ओवा, हिंग, सुंठ, बाळहिरडा, सोलांची पुडी, वर पेजेसाठी दोन किलो उकडे तांदूळ. शेजाऱ्याने पोटासाठी म्हणून काजूफेणीची बाटली आणून दिली. ती माझ्या बॅगेत कशी गेली हे बायकोला अजून कळलेलं नाही. (ती माझं लिखाण वाचत नाही.)

डॉक्टरांना या कशाचंच कौतुक नव्हतं. "पिवळ्या तापाची लस घेतलीत?"

"केनियावाले मागतात?"

"भारतातून जाणाऱ्याकडे नाही मागत. परत येताना आपलेच लोक मागतात."

म्हणजे लेकीच्या घरी खुशाल जा, दाखला लागतो तो स्वतःच्या घरात शिरायला! कारण ऐकल्यावर मात्र गप्प बसलो. पिवळ्या तापाचा विषाणू आपल्याकडे नाही, पण तो पसरवणारा डास आहे, डेंग्यूवालाच. यजमान तयार, पाहुणा तेवढा यायचा बाकी. म्हणून लस घेतल्याचा दाखला, म्हणजे ते पिवळं कार्ड, नसलं तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. आणि लस टोचल्यावर कार्ड लागू होतं दहा दिवसांनी, म्हणजे आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही.

ही लस कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमलेल्या केंद्रावरच जावं लागतं. बोरीचा पूल ओलांडून सकाळी नऊला हजर झालो, तर बाकावर तिघेच.

"माणसं जमू देत," नर्सबाई म्हणाल्या. एका कुपीत बऱ्याच जणांची लस असते आणि फोडल्यावर सहा तासांत संपवावी लागते, नाहीतर फेकायची. म्हणजे आमच्या फोंडा-पणजी खाजगी बसचाच न्याय, भरल्याशिवाय सुटायची नाही. फक्त "फुडें वच, फुडें वच" ओरडणारा कंडक्टर तेवढा नव्हता.

शेजारी सासष्टीचा एक तारवटी होता, क्रूझवर स्वयंपाकघरात वीस वर्षं काढलेला. माझ्या खिशातली सॅनिटायझरची बाटली पाहून तो हसला. "आयक बाब, हात धुवपाचे ते साबणानच." बोटीवर उलट्या-जुलाबांची साथ येते ती बहुधा नोरोव्हायरसची, आणि तो विषाणू सॅनिटायझरला फारसा जुमानत नाही. साबण चोळून वाहत्या पाण्याखाली हात धरले की तो निघून जातो. मी बाटली हळूच खिशात सरकवली. बायकोने अशा सहा घेतल्या होत्या.

साडेअकराला बस भरली. सुई दंडावर, कातडीखाली. दुखलं म्हणावं तर नाही; पण बायको समोर उभी राहून बघत होती म्हणून थोडं दुखून घेतलं. पासपोर्ट नंबर घालून पिवळं कार्ड हातात आलं. 2016 पासून ते जन्मभर चालतं. आमच्या घरात जन्मभराची हमी असलेली ही दुसरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी अंग जरा कोमट झालं. बायकोने ट्यूबलाइटखाली उभं करून पापण्या खाली ओढल्या. "डोळे पिवळे वाटतात हो!" ट्यूब पिवळट पडली होती.

नैरोबीत काही झालं नाही. समुद्रसपाटीपासून सतराशे मीटरवरचं गाव; गोव्यात पाऊस धो-धो कोसळत होता तेव्हा मी तिथे बायकोची शाल गुंडाळून चहा पीत होतो. मलेरियाच्या गोळ्या मोंबासाच्या किनाऱ्याला गेलो तेव्हा घेतल्या, परतल्यावरही सात दिवस चालू ठेवल्या. उकड्या तांदळाची पेज जावयाने दोन वेळा मागून खाल्ली. बाटलीबद्दल त्याने कुठे बोलू नये, असं ठरलंय.

मुंबईला उतरल्यावर काउंटरवर कार्ड मागितलं. मी ते छातीशी धरूनच आलो होतो. तिथल्या माणसाने एक नजर टाकली आणि हात हलवला. इतक्या खटाटोपाला एवढीच नजर? निदान फोटो तरी बघायचा! पण कार्डावर फोटो नसतोच.

गोव्यात मोपाच्या विमानतळाबाहेर टॅक्सीची वाट बघत उभे होतो, भरदुपारी. दंडावर एक डास येऊन बसला, काळा, पायांवर पांढरे पट्टे, नेमका टोचलेल्या जागी. मी ऐटीत त्याच्यासमोर पिवळं कार्ड धरलं.

"अहो, ते डेंग्यूला चालत नाही," बायको म्हणाली आणि फाडकन दंडावर मारली.

हे मात्र खरंच दुखलं.