‘प्लेयर टू’मध्ये फक्त रंग बदलले, हे खरे नाही

फेंडर या अमेरिकी गिटार कंपनीने जून २०२४ मध्ये ‘प्लेयर टू’ ही इलेक्ट्रिक गिटारींची मालिका बाजारात आणली, तेव्हापासून गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक मत या फोनवरून त्या फोनवर फिरते आहे. त्याचा आशय असा: २०१८ ची ‘प्लेयर’ गिटारच नवे रंग देऊन पुन्हा विकायला काढली आहे, फ्रेटबोर्डचे (तारांखालच्या, बोटे दाबायच्या पट्टीचे) लाकूड बदलले ते दिसण्यापुरते, ‘रोल्ड’ कडा हा जाहिरातीतला शब्द, पोकळ बॉडी म्हणजे लाकडाची बचत, आणि पिकअप (तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे चुंबकीय भाग) तर जुनेच, तेव्हा नव्या गिटारसाठी खर्च करणे व्यर्थ. यातला पिकअपचा मुद्दा बरोबर आहे. लाकूड, कडा आणि बॉडी यांबद्दलचे आधीचे तिन्ही चुकीचे आहेत, आणि पहिली चांगली इलेक्ट्रिक गिटार घेण्यासाठी दोन-दोन वर्षे पैसे साठवणारी मुले असे मजकूर वाचून निर्णय घेतात, म्हणून या मताचे उत्तर मुद्द्याला धरून द्यायला हवे.

पुण्यातल्या एका दुकानात मला जुनी प्लेयर स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर, फेंडरचे एक मॉडेल) आणि नवी प्लेयर टू स्ट्रॅट शेजारीशेजारी ठेवून, एकाच अ‍ॅम्पवर, दीड तास वाजवता आल्या. दोन्हींची बॉडी अल्डर या लाकडाची होती, आणि दोन्ही मेक्सिकोतल्या एन्सेनाडाच्या कारखान्यात तयार झालेल्या. पुढचे मत त्या दीड तासाच्या आधारे आहे.

सुरुवात लाकडापासून करतो, कारण तिथेच गैरसमज सर्वांत मोठा आहे. जुन्या प्लेयर मालिकेत मेपल हे फिकट लाकूड नको असेल, तर पाव फेरो या दक्षिण अमेरिकी लाकडाचा फ्रेटबोर्ड मिळत असे. तो कंपनीने आवडीने निवडलेला नव्हता. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराने २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जिया वंशातल्या सर्व प्रजाती, म्हणजे रोझवूडच्या झाडून सगळ्या जाती, परवान्याच्या यादीत घातल्या. मेक्सिकोत तयार झालेली गिटार बहुतेक वेळा सीमा ओलांडूनच गिऱ्हाइकाकडे जाते, त्यामुळे रोझवूडची पातळ पट्टी असलेल्या प्रत्येक गिटारमागे कागदपत्रे लागू लागली आणि कंपनीने मेक्सिकोतल्या गिटारींसाठी पाव फेरोचा आधार घेतला. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत तयार वाद्यांना सूट देण्याचे ठरले आणि त्याच वर्षीच्या २६ नोव्हेंबरपासून ती लागू झाली. म्हणजे प्लेयर टूमध्ये रोझवूड परत आले याचा अर्थ नाइलाजाने केलेली तडजोड संपली असा आहे. याला रंगरंगोटी म्हणणे हा इतिहास विसरणे होय.

गिटारींच्या फ्रेटबोर्डसाठी आज जगभर जे रोझवूड सर्वाधिक वापरले जाते, ते आपल्या सह्याद्रीतही वाढणारे शिसव आहे. ज्यांच्या घरी आजोबांच्या काळची शिसवी खुर्ची आहे, त्यांना तिच्या हातांचा गडद, हाताच्या स्पर्शाने मुरलेला तुकतुकीतपणा ठाऊक असेल. नव्या गिटारचा फ्रेटबोर्ड त्याच घरातला वाटतो: काळपट तपकिरी, बारीक उघड्या रंध्रांचा, बोटाखाली किंचित मऊ. शेजारच्या पाव फेरोवर तांबूस-पिवळट पट्टे होते आणि त्याचा पृष्ठभाग जास्त टणक, जास्त कोरडा लागत होता. स्ट्रॅटवर रोझवूड प्रथम १९५९ मध्ये आले आणि १९६२ पर्यंत ते जाड, सपाट तळाच्या पट्टीच्या रूपात बसवले जाई, त्यानंतर ती पट्टी पातळ आणि वक्र झाली. प्लेयर टूमध्ये तीच आधीची जाड पट्टी घेतली आहे. यामुळे आवाज बदलतो असा दावा मी करणार नाही, अ‍ॅम्पमधून मला तसा फरक ऐकू आला नाही. परंतु वाद्य हाताने वाजवायचे असते, आणि हाताला फरक निश्चित कळतो.

कडांच्या बाबतीत तर तो पहिल्याच मिनिटात कळला. फ्रेटबोर्डची कड गोलसर घासून घेणे म्हणजे ‘रोल्ड’ कडा, त्यात गूढ काही नाही. जुन्या, वर्षानुवर्षे वाजवलेल्या गिटारची कड तळहाताने आपोआप झिजून जशी होते, तशी ती कारखान्यातच करून दिलेली असते. जाड तारेवर अंगठा वरून आणून बेंड घेताना (तार बाजूला ओढून सूर चढवताना) जुन्या गिटारची कड अंगठ्याच्या पेरापाशी रेघ ओढल्यासारखी टोचत होती. नव्या गिटारवर तीच जागा अंगठ्याला जाणवलीसुद्धा नाही. नेकचा, म्हणजे गिटारच्या मानेचा, आकार दोन्हींवर तोच ‘मॉडर्न सी’ आणि फ्रेटबोर्डच्या गोलाईची त्रिज्या तीच साडेनऊ इंचांची असल्यामुळे हा फरक कडेचाच आहे, याबद्दल मला शंका नाही. हीच सोय फेंडरच्याच २०२० च्या ‘अमेरिकन प्रोफेशनल टू’मध्ये होती, आणि ती गिटार कितीतरी महाग आहे. (कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसून फ्रेटची (पट्टीवरच्या धातूच्या आडव्या तारांची) टोके बाहेर येतात, ती अडचण मात्र गोल कडांनी सुटणार नाही. त्यासाठी कानसच लागते.)

पोकळ बॉडीविषयीचा आरोप वस्तुस्थितीला सोडून आहे. नेहमीची अल्डरची भरीव बॉडी मालिकेत कायम आहे; आतून पोकळी काढलेल्या अ‍ॅश आणि महोगनीच्या बॉडी स्ट्रॅट आणि टेली (टेलिकास्टर) या मॉडेलांसाठी जादा पर्याय म्हणून दिल्या आहेत. पोकळी कोरताना निघालेला भुसा कोणाच्या उपयोगी पडत नाही, उलट कोरण्याचे काम वाढते. हेतू वजन कमी करण्याचा आहे, आणि तो फेंडरला नवा नाही: १९६८ ची टेलिकास्टर थिनलाइन वजन घटवण्यासाठीच अर्धपोकळ केली होती. अ‍ॅशचा पुरवठा आटत चालल्यामुळे कंपनीने २०२० मध्ये ते लाकूड आपल्या बहुतेक नियमित मॉडेलांतून काढत असल्याचे जाहीर केले होते, हेही ध्यानात घ्यावे. ते या किमतीच्या मालिकेत पुन्हा दिसते आहे आणि पोकळीमुळे खांद्याला झेपण्याजोगे झाले आहे, याचा मला आनंद वाटतो.

ट्यूनरही (तारा ताणायच्या खुंट्या) बदलले आहेत. नवे ‘क्लासिकगिअर’ ट्यूनर दिसायला जुन्या घाटाचे आहेत आणि ते फिरवताना तार एकसारखी चढते, झटका बसत नाही.

आता पिकअप. ते खरोखर जुनेच आहेत, ‘अल्निको पाच’ या मिश्रधातूच्या चुंबकांचे. डोळे मिटून ऐकणाऱ्याला दोन गिटारींतली नवी कोणती हे सांगता येईल असे मला वाटत नाही. ज्याला वेगळा आवाज हवा आहे, त्याने ही गिटार त्यासाठी घेऊ नये. बर्च ग्रीन, कोरल रेड, हायलिया यलो हे रंग सुरेख आहेत, पण त्यांवर आणखी शब्द खर्च करण्याचे कारण नाही.

ज्यांच्याकडे आधीची प्लेयर आहे, त्यांनी ती विकून नवी घेण्याची घाई करू नये. गिटार दुरुस्त करणारा जाणकार कारागीर जुन्या फ्रेटबोर्डच्या कडा बारीक पॉलिश पेपरने गोल करून देऊ शकतो, आणि ट्यूनरही बदलता येतात. पाव फेरोचे शिसव मात्र करता येणार नाही. त्यामुळे ज्याची आता पहिलीच खरेदी आहे आणि ज्याला मेपल नको आहे, त्याने दुकानात दोन्ही गिटारी मागून घ्याव्यात, अ‍ॅम्प बंद ठेवावा आणि आधी नुसता हात फिरवून पाहावा.