एक स्टार दिलेल्या दादांना उत्तर: हिरो का बंद केला

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू सोमवारी सकाळी शटर उघडता उघडता वाचला. आमच्या गेमिंग कॅफेतली ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ या फायटिंग गेमची स्पर्धा सव्वा तास उशिरा सुरू झाली, एसी बंद होता, ऐन वेळी हिरो कॅरेक्टरवर बंदी घातली, आणि ‘मालकाला गेममधलं काडीचं कळत नाही, रोजच्या पोरांना जिंकवायचं असतं’, असं तुम्ही लिहिलंय. उशीर आणि एसीबद्दल मनापासून माफी मागतो. लाइट अकराला गेली ती सव्वाबाराला आली, आणि आल्यावरही व्होल्टेज इतकं कमी की एसीचा कॉम्प्रेसर उचलतच नव्हता. मे महिन्यातलं सोलापूर आणि एका खोलीत सोळा पोरं, त्रास झालाच असणार.

पण ‘काडीचं कळत नाही’ हे जिव्हारी लागलं. त्यावर जरा सविस्तर लिहितो.

ज्या हिरोवरून हे झालं तो ‘ड्रॅगन क्वेस्ट’ या जपानी गेम-मालिकेचा नायक मला परका नाही. त्या मालिकेतला आठवा गेम मी मोबाइलवर संपवलाय, वडिलांच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, रात्रपाळीच्या कांड्या भरून झाल्या की. त्यात लेव्हल वाढली की स्किल पॉइंट मिळतात. ते तलवारीत घालायचे, भाल्यात, बूमरँगमध्ये की नुसत्या हातांनी लढण्यात, हे आपलं आपण ठरवायचं. मी भाल्यात घातले. नायकाचं नावही मीच ठेवलं होतं. ३० जुलै २०१९ ला हाच हिरो ‘स्मॅश अल्टिमेट’मध्ये आला, तेव्हा त्याच्या हातात तलवार आणि ढाल. माझा भाला गेला. वाईट वाटलं, पण त्याचं कारणही कळलं. घरोघरी प्रत्येकाने घडवलेला नायक निराळा असतो. फायटिंग गेममध्ये मात्र त्याचा वार किती लांब पोचतो, किती फ्रेममध्ये (म्हणजे किती क्षणांत) लागतो, हे सगळ्यांसाठी एकच असावं लागतं. नाहीतर समोरच्याने बचाव तरी कशाचा करायचा?

म्हणून स्मॅश बनवणाऱ्यांनी ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या तिसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि अकराव्या गेमचे चार नायक घेतले, रूपं चार आणि चाली एकच. हवा तसा नायक घडवण्याची जी मजा गेली, तिच्या जागी त्यांनी मेन्यू दिला. एकूण २१ मंत्र, त्यातले कुठलेही चार एका वेळी समोर येणार, आणि १०० एमपीमध्ये, म्हणजे मंत्रांसाठी मिळणाऱ्या शक्तीत, भागवायचं. मूळ गेममध्ये आपण मेन्यू वाचत असताना शत्रू थांबून राहतो, इथे तो अंगावर येत असतो. मला विचाराल तर फार सुंदर काम केलंय. हिरोचा मेन्यू पहिल्यांदा उघडला त्या दिवशी मला ती शेड आठवली होती.

हे सगळं आवडत असूनही स्पर्धेत तो मी ठेवत नाही, कारण ते चार मंत्र कोणते येतील हे खेळणाऱ्याच्या हातात नसतं. स्मॅश अटॅक, म्हणजे जोराचा फटका, मारला तर आठात एकदा क्रिटिकल, म्हणजे जास्तच जोरात, लागतो, तोही नशिबानेच. आपल्याकडे ‘फायर एम्ब्लेम अवेकनिंग’ या दुसऱ्या गेममधून स्मॅशमध्ये आलेला रॉबिन चालतो. तोही मुळात खेळणाऱ्याने चेहरा, केस, आवाज निवडून घडवायचा नायक. स्मॅशमध्ये त्याची विजेची तलवार आणि मंत्रांची पुस्तकं वापरून संपतात आणि थोड्या वेळाने परत येतात. समोरच्याला ते मोजता येतं. ‘मी’ (Mii) फायटर, म्हणजे खेळणाऱ्याने स्वतः घडवलेली कॅरेक्टर, पण चालतात. त्यांच्या चार स्पेशल चालींना प्रत्येकी तीन पर्याय असतात, पण निवड मॅचच्या आधीच होते आणि दोघांना माहीत असते. हिरोचं तसं नाही. साउथ ऑस्ट्रेलियातल्या स्मॅशवाल्यांनी २०१९ मध्येच त्याला स्पर्धेतून बाद केलं होतं. बऱ्याच ठिकाणी तो चालतो हेही मला माहीत आहे. आमच्याकडे शंभर रुपये भरून दहावीची पोरं येतात, म्हणून मी बंदीच्या बाजूचा.

आता ‘ऐन वेळी’चं. नियम गुरुवारी रात्री ग्रुपवर टाकला होता. दारावरच्या बोर्डावर लिहिला नव्हता, ही माझी चूक. तुम्ही म्हणालात ग्रुप बघितला नाही, प्रॅक्टिस हिरोवरच झालीय. म्हणून पहिली फेरी मी तुम्हाला हिरोवर खेळू दिली. खरं तर तिथेच मी चुकलो. समोरचा मुलगा शेवटच्या स्टॉकवर, म्हणजे शेवटच्या जिवावर होता, डॅमेज साठ टक्क्यांच्या आसपास, तुमच्या मेन्यूत ‘थ्वॅक’ हा नशिबाने एका फटक्यात बाद करणारा मंत्र आला आणि एका फटक्यात खेळ संपला. तुम्ही नियमात जिंकलात, तो निकाल मी बदलला नाही, तुम्हाला पुढच्या फेरीत घेतलं. पण तो पोरगा कंट्रोलर धरून तसाच बसून राहिला होता. त्यानंतर मी म्हणालो, पुढे दुसरं कॅरेक्टर घ्या. स्पर्धेतून मी तुम्हाला काढलं नाही, तुम्ही उठून गेलात.

आणि एक गोष्ट तुमच्या रिव्ह्यूमध्ये नाही. मॅचच्या आधी तुम्ही गेमची भाषा जपानी करायला सांगत होता. हिरोचा मेन्यू समोरच्यालाही दिसतो, इंग्रजीत असला की तो वाचून सावध होतो. मी नाही म्हणालो. त्या दिवशी जिंकलेला मुलगा आमच्याकडे दुसऱ्यांदाच आला होता, त्याला मी रोजचा कसा म्हणू? उठताना तुम्ही कंट्रोलर टेबलावर आपटलात, त्याची डावी स्टिक आता आपोआप सरकते. त्याचे पैसे मी मागितले नाहीत, मागणारही नाही.

दादा, आमचा कॅफे म्हणजे चार टीव्हींचा कारभार. तुमच्या रिव्ह्यूनंतर एका कॉलेजच्या ग्रुपने रविवारचं बुकिंग रद्द केलं. घर यावरच चालतं, म्हणून इतकं लिहावं लागलं.

तुमचे शंभर रुपये परत देतो, काउंटरवर या किंवा नंबर कळवा. बोर्डावर नियम कॅरेक्टरच्या नावासकट लावतोय, एसीचं स्टॅबिलायझरवाल्याशी बोलणं चालू आहे, वेळेचंही बघतो. शनिवारी संध्याकाळी सातनंतर बिनस्पर्धेचे गेम असतात, त्यात हिरो चालतो. तुम्ही हिरो घ्या, मी रॉबिन घेतो. भाषा मात्र इंग्रजीच राहील.

— मालक, जुळे सोलापूर