चौथी सीट, पॅरिस

पॅरिसहून परत आल्यावर लोक विचारतात काय काय बघितलं, तर मला आधी माझ्या पोटऱ्या आठवतात. चार दिवस नुसती तंगडतोड चालू होती, त्यामुळे पाचव्या दिवशी बायको म्हणाली की आज ओरांजरी म्युझियम, चित्रकार मोनेची वॉटर लिलीची चित्रं, फक्त दोन खोल्या आहेत, तेव्हा मी जरा जास्तच उत्साहाने हो म्हणालो.

खोल्या दोनच आहेत हे खरं. पण त्यात आठ प्रचंड चित्रं, दोन मीटर उंच आणि सगळी मिळून जवळपास ९१ मीटर लांब, लंबगोल भिंतींवर गोलाकार लावलेली. चालत राहिलात तर शेवट येतच नाही, तळ्याला प्रदक्षिणाच. आणि सगळ्या गर्दीसाठी प्रत्येक खोलीत मधोमध एकच बाक.

त्या बाकाभोवती जी माणसं उभी होती ना, ती चित्र बघत नव्हती, हे मी लोकलने सीएसएमटी–कल्याण केलेला माणूस खात्रीने सांगतो. बसलेल्यांकडे बघत होती. मला तर एका जपानी काकांना "कुठे उतरणार?" असं विचारावंसं वाटलं. आई मात्र तीस वर्षं लेडीज डब्यात घडलेली बाई, ती काही न बोलता एका पोरीसमोर गुडघा धरून उभी राहिली आणि दीड मिनिटात बसलेली होती.

बसल्यावर तिने शांतपणे समोर बघितलं. "कमळं कुठेयत?"

"अगं ही काय."

"ही कमळं नाहीत. कमळाची पानं पाण्यातून वर येतात, ही टेकलीत पाण्यावर. कुमुदिनी आहे ही."

इथे माणसं कुजबुजतसुद्धा नाहीत, शांतता पाळा असं सांगतात, आणि आईची कुजबूज म्हणजे शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जाणारी. गार्डने बघितलं. मी चित्राच्या जवळ सरकलो, तर जवळून तळं गायब, नुसते जांभळे-हिरवे फराटे, कुणीतरी ब्रश पुसल्यासारखे. गार्डने परत बघितलं. मागे आलो तर परत पाणी, त्यात ढग.

"एवढ्या तळ्यात शेवाळ कसं नाही?" आईचा पुढचा प्रश्न. बायकोने फोनवर वाचून सांगितलं की जिव्हर्नी गावातल्या आपल्या या तळ्यासाठी मोनेने खास माळी ठेवला होता, तो रोज सकाळी होडीत बसून पानं साफ करायचा. आई इतकी खूश झाली की मोने तिला एकदम घरचा वाटायला लागला. आणि पुढे कळलं की त्याला मोतीबिंदू होता, रंग नीट दिसेनात तरी बरीच वर्षं ऑपरेशन टाळलं, शेवटी १९२३ मध्ये केलं. "बघ," आई म्हणाली, "मी कशी पंधरा दिवसांत करून मोकळी झाले." १९२६ मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी या खोल्या उघडल्या, हे ऐकून मात्र ती गप्प झाली. वरून छतातून ऊन येत होतं, मधेच ढग आला असावा, समोरचं तळं एकदम काळवंडलं आणि परत उजळलं. मी पण क्षणभर पोटऱ्या विसरलो, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या खोलीत विलोची झाडं, त्यातलं एकच चित्र १७ मीटर, म्हणजे लोकलच्या डब्यापेक्षा थोडंसंच कमी. आई परत आधी पोचली, परत बसली, आणि मला लांबून हाताने बोलवायला लागली. शेजारच्या जागेवर तिने रुमाल टाकून ठेवला होता.

मी माणसांमधून वाट काढत निघालो. तेवढ्यात गार्ड आला, वाकला, रुमाल उचलला, नीट घडी केली आणि "मादाम" म्हणत अगदी अदबीने आईच्या हातात दिला. रिकाम्या झालेल्या जागेवर ते जपानी काका बसले.