लव्हाळ्याचा क्रॉस आणि आमचा फॅमिली ग्रुप

फेब्रुवारी लागायच्या आदल्या आठवड्यात लेक शाळेतून एक कागदी क्रॉस घेऊन आली. हिरव्या कागदाच्या पट्ट्या, मधे विणलेला चौकोन, चार बाजूंना चार हात, टोकं लोकरीने बांधलेली आणि त्यातला एक हात चांगलाच आखूड. हा सेंट ब्रिजिडचा क्रॉस. आम्ही राहतो आयर्लंडमधल्या किल्डेअरमधे, जिथे तिचा मठ होता. 1 फेब्रुवारी तिचा दिवस, आणि 2023 पासून त्याची सार्वजनिक सुट्टी पण मिळते, बाईच्या नावाने असलेली इथली पहिलीच.

खरा क्रॉस लव्हाळ्याचा करतात. पाणथळ जागेत उगवतं ते, आपल्याकडे पुरात झाडं गेली तरी वाचतं म्हणतात ना, त्याच जातकुळीतलं. एक काडी उभी धरायची, दुसरी तिच्यावर दुमडायची, सगळं पाव फेरा फिरवायचं, परत पुढची दुमडायची, की मधला चौकोन आपोआप वाढत जातो. मग तो दारावर नाहीतर आढ्याला लावायचा, घराला आग लागू नये म्हणून. गोष्ट अशी सांगतात की एक सरदार मरणाला टेकलेला, ब्रिजिड त्याच्या उशाशी बसली आणि जमिनीवर अंथरलेलं लव्हाळं उचलून विणता विणता त्याला ख्रिस्ताबद्दल सांगत राहिली. तिच्या नावाची देवी चर्च यायच्या आधीपासून होती असंही इथे बरेच लोक मानतात. शाळेत लव्हाळं कुठून आणणार, म्हणून कागद.

मी हौसेने फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. चूकच झाली.

काकांचा मेसेज दोन मिनिटांत, "आत्तापासून क्रॉस करायला लावतात का? लक्ष ठेव जरा." त्यावर आत्या, "अरे नीट बघ, हे तर आपलं स्वस्तिक, आपल्याकडूनच गेलंय ते." (आत्या, आकार थोडा तसा दिसतो खरा, पण हे पोरीला शिकवू नकोस हां, युरोपात वर्गात स्वस्तिक म्हटलं की वेगळीच मीटिंग लागते.) मग डिसेंबरमधलं सांताच्या टोपीचं भांडण परत निघालं, कॉन्व्हेंट शाळा निघाल्या, रात्रीपर्यंत साठ-सत्तर मेसेज. एक हात आखूड का हे कोणी विचारलं नाही. पट्टी फाटली होती, आणि बाईंनी नवीन दिली नाही कारण हिने आधीच तीन फाडल्या होत्या. आमच्या भाचीचा प्रोजेक्ट असता तर ताईने रात्री अकराला बसून तो सरळ केला असता.

पण काकांचं म्हणणं मी अगदीच उडवून लावणार नाही. इथल्या दहातल्या जवळजवळ नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या अखत्यारीत आहेत. 2018 च्या कायद्यानंतर बाप्तिस्मा नाही म्हणून त्यांना प्रवेश नाकारता येत नाही, पण पुढच्या वर्षी ही सेकंड क्लासला गेली की फर्स्ट कम्युनियनची, म्हणजे चर्चमधे पहिल्यांदा प्रसादाची भाकर घ्यायच्या विधीची, तयारी सुरू होईल. आम्ही नको म्हणू शकतो, शाळा ऐकेलही, फक्त नको म्हणजे पोरगी त्याच वर्गात मागच्या बाकावर चित्र रंगवत बसणार आणि बाकीच्या मैत्रिणी पांढऱ्या फ्रॉकच्या गप्पा मारणार. शेजारच्यांच्या मुलाचं हेच झालं. ते ऐकताना मला आमच्या गुहागरकडच्या शाळेतलं पाटीपूजन आठवलं, सगळे हळदकुंकू वाहायला रांगेत आणि दोन मुलं खिडकीपाशी उभी. ती तिथे का उभी असतात हे मी दहावीपर्यंत कोणाला विचारलं नाही. काकांना हे लिहिलं तर उत्तर आलं, "ते वेगळं." कसं वेगळं ते अजून आलेलं नाही.

मला विचाराल तर प्रार्थनेला नाही म्हणेन आणि कागदाला हो. कम्युनियन घेताना मूल काहीतरी कबूल करतं. पट्टी दुमडताना फक्त पट्टी दुमडते, आणि जिथे राहते तिथले लोक दाराला काय लावतात ते तिला कळतं. हा फरक मुलांना समजतो, ग्रुपवर समजत नाही.

आईने मात्र ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. रविवारी तिने व्हिडिओ कॉल केला आणि नातीला म्हणाली, दाखव बघू कसा केलास. अंगणातून झावळीच्या हिरव्या पात्या आणून ठेवलेल्याच होत्या. इकडून ही ओरडतेय, "आजी फिरव, नाही गं, उलटं!" आणि तिकडे आयुष्यभर झापं विणलेले हात मुकाट्याने ऐकतायत. पाऊण तास चाललं. आजीचा क्रॉस अर्थात चारी बाजूंनी सरळ आला. दसऱ्याच्या वाळलेल्या तोरणाखाली एक खिळा रिकामा होता, तिथे तिने तो अडकवला.

काका रोज संध्याकाळी चहाला त्याच दारातून आत येतात. अजून लक्षात आलेलं नाही.